आधी तळहात, मग कॅमेरा

फोन हातात घेतला की आधी त्याचं भिंग पुसा. पदराने किंवा शर्टाच्या टोकाने नको, त्यात धूळ असते; चष्म्याबरोबर मिळतं ते मऊ कापड वापरा. रविवारी सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत माझ्याकडे फोटोग्राफी शिकायला जी मंडळी येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची ‘काकू, माझे फोटो धुरकट येतात’ ही तक्रार एवढ्यानेच मिटते. दिवसभर बोटं लागून भिंगावर तेलकट थर बसतो. समोर दिवा किंवा सूर्य आला की उजेड त्या थरावर पसरतो आणि सगळं चित्र पांढुरकं होतं.

हे झालं की कॅमेरा तसाच खाली राहू द्या आणि आपला तळहात समोर धरा.

दांडिया बाजारात आमच्या नानांचा लहानसा स्टुडिओ होता. पुढे दुकान, मधे खुर्ची आणि पडदा, मागे काळोखी खोली. गिऱ्हाईक खुर्चीवर बसण्याआधी नाना तिथे जात, चेहरा जिथे येणार तिथे स्वतःचा तळहात धरत आणि हळूहळू फिरवत. मी नववीत असताना विचारलं, ‘‘नाना, हे काय करता?’’ म्हणाले, ‘‘उजेड बघतोय. चेहरा नंतर बघू.’’

तुम्हीही करून बघा. भर दुपारी उन्हात तळहात धरलात तर रेषा काळ्या दिसतात, बोटांच्या सावल्या सुरीने कापल्यासारख्या पडतात. माणसाच्या चेहऱ्याचंही त्या उन्हात तेच होतं, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या आणि नाकाखाली डाग. आता ओसरीच्या कडेला या, जिथे डोक्यावर छप्पर आहे पण समोर आकाश मोकळं आहे. तोच तळहात आता मऊ दिसेल, रेषा दिसतील पण टोचणार नाहीत. तिथेच माणसाला उभं करा, तोंड मोकळ्या आकाशाकडे. झाडाखाली सावली आहे म्हणून तिथे नेऊ नका. बागेतल्या वडाखाली पानांमधून कवडसे पडतात आणि गालावर पांढरे ठिपके येतात. ते नंतर कुठल्याही ॲपने नीट जात नाहीत.

सूर्य उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा साधारण तासभर उजेड तिरका, पिवळसर आणि मवाळ असतो. सूर्य बुडाल्यावरची वीस-पंचवीस मिनिटंही सोडू नका. आकाश निळं असतं आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात, दोन्ही एका फोटोत मावतात. एकदा पूर्ण काळोख झाला की आकाश नुसतं काळं येतं.

तीन आकडे

कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा हे तीन गोष्टींवर ठरतं. भिंगातलं भोक किती मोठं, ते किती वेळ उघडं, आणि आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, किती हळवा.

भोकाला ॲपर्चर म्हणतात. त्याचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि दर पायरीला उजेड निम्मा होतो. लहान आकडा म्हणजे मोठं भोक, इथे सगळे गोंधळतात. कारण साधं आहे. तो आकडा भागाकारातला आहे: भिंगाची फोकल लेंग्थ (भिंगावर मिमीमध्ये लिहिलेला आकडा) भागिले भोकाचा व्यास. ५० मिमीच्या भिंगावर एफ २, म्हणजे ॲपर्चर २, लावलात तर भोक २५ मिमीचं; एफ १६ लावलात तर जेमतेम ३ मिमीचं. मोठ्या भोकाने उजेड भरपूर येतो, पण जिथे फोकस केला तेवढाच पट्टा स्पष्ट राहतो आणि मागचं पुसट होतं. लहान भोकाने जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट होतं.

वेळ म्हणजे शटर स्पीड. १/१२५ म्हणजे सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. हातात कॅमेरा असताना फोटो हलू नये म्हणून जुना हिशेब असा, की १०० मिमीचं भिंग असेल तर १/१०० पेक्षा हळू जाऊ नका, २०० चं असेल तर १/२०० पेक्षा. भिंग जितकं लांबचं ओढतं तितकं हाताचं थरथरणंही मोठं करून दाखवतं.

हळवेपणाचा आकडा म्हणजे आयएसओ. तो वाढवलात की काळोखातही फोटो येतो, पण दाणेदार. दिवसा १०० किंवा २००, घरात ८०० ते १६००, आणि गरज पडली तर त्याहून जास्त. हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो मला केव्हाही चालतो.

नानांकडे बरीच वर्षं उजेड मोजायचं यंत्र नव्हतं. फिल्मच्या डब्यासोबत येणाऱ्या कागदावर तक्ता छापलेला असायचा, त्यावर त्यांचं काम भागे. स्वच्छ ऊन असेल तर ॲपर्चर १६ आणि शटर फिल्मच्या आयएसओएवढं, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१००; कॅमेऱ्यावर जवळचा आकडा १/१२५. विरळ ढग आले तर ११, आकाश ढगाळ असेल तर ८. आता समजा मला माणसाच्या मागची भिंत पुसट हवी आहे म्हणून भोक १६ वरून ८ वर आणलं. दोन पायऱ्या मोठं केलं, म्हणजे उजेड चौपट झाला; मग वेळ दोन पायऱ्या कमी करायची, १/१२५ ची १/५००. एका बाजूला द्यायचं, दुसरीकडून काढून घ्यायचं. हा हिशेब आठवडाभर चालता-चालता मनात करा. रस्त्यावर उभं राहून उजेडाचा आकडा ओळखा आणि मग कॅमेऱ्याला विचारा.

बहुतेक फोनचं ॲपर्चर बदलत नाही. त्यामुळे फोनवाल्यांनी एवढंच शिकायचं: पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच बांधला जातो, आणि बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते वर-खाली सरकवा.

चेहरा

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझी बरीच वर्षं यातच गेली.

आमच्या स्टुडिओत मुलींचे दाखवण्याचे फोटो निघत. मी हाताशी आल्यावर मुलींच्या आया मुद्दाम मी असेन त्या वेळी येऊ लागल्या. मुलगी मोकळेपणाने बसते म्हणून. आणि जवळजवळ प्रत्येक आई, मराठी असो की गुजराती, खुर्चीमागे येऊन हळूच सांगायची, ‘‘बेन, जरा गोरी देखाय एवो फोटो पाडजो,’’ म्हणजे जरा गोरी दिसेल असा फोटो काढा. त्या काळी हे काम पेन्सिलीने होई. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल फिरवाल तिथे प्रिंट उजळ येतो. नानांचा हात त्यात फार सफाईचा होता आणि त्यांनी मलाही शिकवलं. मुरमाचा डाग काढायला मी ते आनंदाने करत असे. पण अख्खा चेहरा पेन्सिलीखाली घातला की डोळ्यांच्या कडेची बारीक छटा जाते, हनुवटीचा उतार जातो, आणि मुलगी दिसायच्याऐवजी पुठ्ठा दिसतो. काही वर्षांनी मी ते करायचं थांबवलं. आज तेच काम फोनमधला ब्यूटी फिल्टर न विचारता करतो. सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करा.

सावळ्या माणसाचा फोटो बिघडतो तो दोन उलट कारणांनी, दोन्ही समजून घ्या. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. पांढऱ्या भिंतीपुढे सावळ्या माणसाला उभं केलंत की यंत्राला भिंतच दिसते, ते उजेड कमी करतं आणि चेहरा काळवंडतो. उलट चेहऱ्याने चौकट भरून टाकलीत की यंत्राला वाटतं काळोख आहे. ते उजेड वाढवतं आणि कातडीवर राख फासल्यासारखी दिसते. म्हणून पांढऱ्या भिंतीपासून लांब या, मागे विटकरी, हिरवा, गडद निळा असा काहीतरी रंग घ्या, आणि उजेड स्वतः डोळ्यांनी बघून ठरवा. मोठ्या खिडकीशेजारी एका बाजूने उजेड येऊ द्या. सावळ्या कातडीवर कपाळावर आणि गालाच्या हाडावर जी चकाकी येते ती गोऱ्या कातडीवर तशी येत नाही. ती चकाकी टिपलीत तर त्या माणसाच्या घरचे फोटो बघून गप्प होतात, हे मी बघितलेलं आहे.

यंत्राची हीच खोड इतर ठिकाणीही लक्षात ठेवा. पांढरं धोतर, संगमरवर, मिठाचे ढीग असतील तर उजेड एक पायरी वाढवा. म्हैस किंवा काळा दगड असेल तर एक पायरी कमी करा.

आता उभं राहण्याचं. फोन एका हाताच्या अंतरावर धरून चेहरा काढलात तर नाक फुगतं, कारण नाक कानापेक्षा त्या मानाने फारच जवळ येतं. पाच-सहा फूट मागे व्हा आणि दोन पट झूम लावा. कॅमेऱ्यात ८५ मिमीच्या आसपासचं भिंग याच कारणासाठी पसंत करतात. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. लहान मूल असेल तर खाली बसा, आजी पलंगावर असतील तर वाका. फोकस जवळच्या डोळ्यावर. बुबुळात खिडकीचा लहानसा चौकोन चमकला पाहिजे, तो नसला तर डोळे विझलेले दिसतात. तो आणायला माणसाला खिडकीकडे जरासं वळवलं की पुरे. सावलीची बाजू फार काळी होत असेल तर पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा त्या बाजूला धरा. नाना धुतलेला पांढरा पंचा धरायचे.

आणि बोलत राहा. काय जेवलात, मुलगा कुठे असतो, काहीही. उत्तर देऊन झाल्यावर माणूस क्षणभर थांबतो, त्या वेळी बटण दाबा. ‘हसा’ म्हणू नका.

चौकटीत काय नको

आमच्या जुन्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात १२० नावाच्या मापाची फिल्म बसायची आणि त्यावर बारा चौकोनी फोटो निघायचे. बाराच. म्हणून नाना बटण दाबण्याआधी नजर चारही कोपऱ्यांत फिरवत. डोक्यातून विजेचा खांब उगवलाय का, कडेला कुणाचा अर्धा हात आलाय का, वाळत घातलेला टॉवेल दिसतोय का. माझ्या विद्यार्थ्यांना मी हाच अभ्यास देते. रविवारी बाराच फोटो काढायचे, एकही पुसायचा नाही, आणि पुढच्या आठवड्यात बाराही दाखवायचे. पहिल्यांदा चौदा वर्षांची मुलंही चिडतात. तिसऱ्या आठवड्यापासून ती फोटो काढण्याआधी दोन पावलं डावी-उजवीकडे सरकू लागतात.

पडद्यावर जाळी चालू करा, चौकटीचे तीन-तीन भाग पडतात. मुख्य गोष्ट बरोबर मध्यभागी न ठेवता त्या रेषांच्या छेदावर ठेवली की बघणाऱ्याची नजर फिरायला जागा राहते. चालणाऱ्या माणसाच्या पुढे जागा सोडा, पाठीमागे नको. क्षितिज वाकडं नको. पण जाळीचा हा नियम इमारतीला किंवा रांगोळीला लावत बसू नका. ज्याची रचनाच मध्यातून फुलते ते मध्येच ठेवा.

वेगवेगळे प्रकार, बडोद्यातल्या बडोद्यात

इमारती. लक्ष्मी विलास पॅलेसचं काम मेजर चार्ल्स मँट यांनी सुरू केलं, त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझोम यांनी ते हाती घेतलं आणि १८९० मध्ये वाडा पुरा झाला. त्याच्या जवळ उभं राहून कॅमेरा वर उचललात तर मनोरा मागे पडतोय असं दिसतं. लांब जा, कॅमेरा सरळ धरा, खालची हिरवळ आली तर येऊ द्या, ती नंतर कापता येते. कोरीवकाम दाखवायचं असेल तर उजेड बाजूने येत असताना जा. समोरून ऊन पडलं की नक्षी सपाट होते. गायकवाड घराण्याच्या स्मारकात, कीर्ती मंदिरात, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. अशी चित्रं टिपताना फ्लॅश कधीच नको, भिंतीसमोर अगदी काटकोनात उभं राहा. आत कॅमेरा चालतो का हे कुठेही दारावर आधी विचारा.

रस्त्यावरचं आणि माणसांचं जगणं. होमाई व्यारावाला, भारताच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, आयुष्याची शेवटची वर्षं आपल्या बडोद्यात राहिल्या आणि १५ जानेवारी २०१२ रोजी इथेच गेल्या. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन टिपली. त्यांचे फोटो मी विद्यार्थ्यांना दाखवते ते एका गोष्टीसाठी: पुढारी भाषण करताना सगळेच टिपतात, त्यांनी ते गप्पा मारताना, हसताना, थकलेले असताना टिपले. चित्रकार ज्योती भट्ट यांनी, जे इथल्याच फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकले आणि शिकवत होते, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावोगाव जाऊन घरांच्या भिंतींवरची चित्रं आणि अंगणातल्या रांगोळ्या टिपल्या. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते, भिंत दिवाळीला पुन्हा सारवली जाते. तुमच्या घरात असं काय आहे जे उद्या नसेल, तिथून सुरुवात करा. खंडेराव मार्केटात भाजीवालीचा फोटो हवा असेल तर आधी मेथीची जुडी घ्या, दोन शब्द बोला, विचारा. नको म्हणाली तर निघा. हो म्हणाली तर पुढच्या वेळी तिला प्रिंट नेऊन द्या.

हलणाऱ्या गोष्टी. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पतंग कापल्याचा ‘काप्यो छे’ असा ओरडा सुरू झाला की दोरा खेचणारे हात थिजवायला १/१००० लागतो. नवरात्रात मात्र उलटं करा. गरब्यात १/१००० लावलात तर सगळे पुतळे. १/१५ किंवा १/३० ला या, एका घागऱ्यावर नजर ठेवून कॅमेरा त्याच्या वेगाने सरकवत बटण दाबा. वीसात एखादा फोटो साधतो: चेहरा ओळखू येतो आणि कापडाचा वर्तुळाकार पट्टा फिरताना दिसतो. त्या एकासाठी मी दरवर्षी जाते.

पक्षी. डभोईजवळचं वढवाणा तळं २०२१ पासून पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे, हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात. ३०० मिमी किंवा त्याहून लांबचं भिंग, १/१००० च्या पुढे शटर, फोकस डोळ्यावर, आणि पहाटे सूर्य पाठीशी. फोटोसाठी थवा उडवून लावू नका. लांबून आलेले असतात, त्यांची ताकद त्यात जाते. घरट्याच्या जवळ जाऊ नका. विश्वामित्री नदीच्या काठावर मगरीचा फोटो पुलावरूनच.

खाण्याचे फोटो सोपे आहेत. सेव-उसळीची बशी खिडकीपाशी ठेवा, घरातले दिवे बंद करा, उजेड मागून किंवा बाजूने येऊ द्या म्हणजे रश्श्यावर चमक येते आणि वाफ दिसते. सेव शेवटी घाला, मऊ पडते.

रात्र. तिपाई (ट्रायपॉड) नसेल तर फोन भिंतीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, बोटाचा धक्का बसत नाही.

घरची कार्यं. इथे माझ्या हातून जे झालं ते सांगते. रावपुऱ्यात नात्यातल्याच एका मुलाची मुंज होती, मी बाविशीची, ३५ मिमीचा कॅमेरा पहिल्यांदाच एकटीने घेऊन गेलेली. मातृभोजन, मुंडण, भिक्षावळ, सगळं टिपलं. आकडा ३६ झाला, मग ३७, ३८, आणि माझ्या पोटात गोळा आला. फिल्मचं टोक आतल्या खाचेतून सुटलं होतं. दिवसभर एकही फोटो निघाला नव्हता. भिक्षावळीत मुलाच्या पणजीने थरथरत्या हाताने पहिली मूठ घातली होती, ती त्याच पावसाळ्यात गेली. फिल्म पुढे सरकवताना डावीकडची गुंडाळायची खुंटी फिरतेय का, एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. आता फिल्म नाही, तरी नियम तोच: पहिले पाच फोटो काढून झाले की थांबा, उघडून मोठे करून बघा, कार्डात जागा आहे का, बॅटरी किती आहे. दुसरं कार्ड आणि दुसरी बॅटरी खिशात. कार्यात म्हाताऱ्या माणसांचे फोटो सगळ्यात आधी काढा, ती लवकर दमून आत जातात. गटाचा फोटो असेल तर ॲपर्चर ८ च्या आसपास ठेवा म्हणजे मागची रांगही स्पष्ट येते, आणि तीन-चार काढा, कुणीतरी डोळे मिटतंच.

नंतर

कॅमेरा असेल तर महत्त्वाचे फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने न सुधारलेल्या मूळ रूपात ठेवा, उजेड नंतर सुधारायला वाव मिळतो. रोजच्यासाठी जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, ठीक. पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि अधूनमधून काढून वापरा.

प्रत्येक फोटोच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी हव्यात, एक फोनमध्ये आणि दुसरी हार्ड डिस्कवर. आणि वर्षातून एकदा वीस फोटो निवडून छापून घ्या. नानांच्या पेट्यांमध्ये अजून शेकडो चेहरे आहेत, नऊवारीतल्या बायका, फेटे, शाळेचे गट, आणि ते कोण हे सांगणारं आता कुणी नाही. म्हणून प्रिंट हातात आला की त्याच दिवशी मागे लिहा: कोण, कुठे, कधी, डावीकडून उजवीकडे क्रमाने. जुन्या कागदी प्रिंटवर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने आणि कडेला; बॉलपेन दाबलंत तर समोर चेहऱ्यावर वळ उमटतो.